ठासणीचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की आमच्या भागातल्या सगळ्या वस्तू ओल धरायला लागतात. पाऊस इथे बारा महिने असतो, त्याचं कौतुक कुणालाच नाही. पण ही ओल वरून पडत नाही, कुठूनशी आतूनच येते. टॉवेल वाळत नाहीत, डब्यातलं मीठ दगड होऊन बसतं, सायकलच्या साखळीवर बघता बघता तांबूस पूड धरते. परवा शेडमधला पान्हा उचलला तर बोटं गंजानं माखली, आणि एकदम गरम साबणाच्या पाण्याचा वास आला. शेडमध्ये साबण नव्हता, गरम पाणी तर नव्हतंच. तो वास डोनलच्या स्वयंपाकघरातला होता, आई आली होती त्या ऑक्टोबरातला.

डोनल आमचा शेजारी. आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या बाहेर जिथे वसाहत संपते आणि गाई सुरू होतात, तिथे आमचं घर शेवटून दुसरं आणि त्याचं शेवटचं. ऐंशीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलं. आणि त्याच्याकडे परवाना असलेलं एक रिव्हॉल्व्हर होतं. हे शेवटचं वाक्य मी आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "घर बदल."

तिला घाबरण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. रिव्हॉल्व्हर जुन्या नमुन्याबरहुकूम हल्लीच इटलीत बनवलेलं, म्हणजे नक्कल; आणि ठासणीचं. त्याला काडतूस नाही. सिलिंडरच्या एकेका घरात मोजून काळी दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, त्यावर चरबीचं मलम लावायचं, मागून टिकलीएवढी तांब्याची टोपी चढवायची. मग घोडा ओढायचा, चाप दाबायचा. एवढं केल्यावर एक बार उडणार, तोही हवा कोरडी असेल तर. "हे घेऊन दरोडा घालायचा तर बँकेतल्या लोकांना आधी चहा पिऊन या म्हणावं लागेल," असं डोनल म्हणायचा. शिवाय दारू घरी ठेवायची सोय नव्हती. ती नेमबाजी क्लबच्या रेंजवर कुलपात. घरी फक्त लोखंड, तेलाची बाटली आणि जुन्या बनियनांच्या चिंध्या.

खरं काम बार उडवल्यानंतर सुरू होतं. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते. त्याच दिवशी धुतली नाही तर सकाळी नळीत गंज. त्यामुळे रेंजवरून आल्याबरोबर कोट न काढता आधी केटल लावायची. नळी आणि दांडा यांना जोडणारी एक लोखंडी पाचर असते. ती लाकडी हातोडीनं हलकेच ठोकून काढली की सगळं रिव्हॉल्व्हर तीन तुकड्यांत हातात येतं. मग ते चक्क भांडी घासल्यासारखं घासायचं. कढत पाणी, भांड्यांचा साबण, बाटल्या धुवायचा ब्रश. पहिलं पाणी काळंकुट्ट, त्याला सडक्या अंड्याचा वास. दुसरं राखाडी. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही. मग कोमट ओव्हनमध्ये वाळवायचं आणि तेलाचा हात फिरवायचा.

हे सगळं मी शिकलो, कारण डोनलचे हात थरथरायला लागले. आधी स्क्रू खाली पडायचे, मग चहा बशीत सांडायला लागला. एका रविवारी त्यानं मला कुंपणावरून हाक मारली आणि म्हणाला, "तुझ्याकडे दोन हात रिकामे आहेत का?" माझ्याकडे होते. दिवसभर मी फोनच्या जाळ्याच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधतो. दोष सापडतो, सुधारतो, पण बोटांना काहीच लागत नाही. इथे बोटं काळी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत काळीच राहायची, याचा मला आनंद व्हायचा. रिव्हॉल्व्हर मी त्याच्या घराबाहेर न्यायचं नाही आणि तो समोर बसलेला असताना उघडायचं, हा नियम त्याचाही आणि कायद्याचाही. तो सांगायचा, मी करायचो. चुकलो की शाळामास्तर जागा व्हायचा. "हळू. ते लोखंड आहे, तुझा शत्रू नाही."

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी आई अमरावतीहून आली. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच एवढ्या लांब. मुग्धा, माझी बायको, इथल्याच इस्पितळात डॉक्टर. तिच्या ड्युट्या वेड्यावाकड्या. मुलगी इरा शाळेत. घरी आईला टीव्ही कळेना, बाहेर थंडी सोसेना. मग मी डोनलकडे निघालो की तीही शाल गुंडाळून यायची. तिला चुलीजवळची खुर्ची मिळाली. ती पिशवीतून कापूस काढायची आणि मांडीवर वाती वळायची. टेबलाच्या एका बाजूला मी पाचर ठोकतोय, समोर डोनल हात हातात धरून बसलाय, आणि चुलीजवळ आई नवरात्राच्या वाती वळतेय. बोलणं चालूच. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत. दोघांचंही उत्तराविना काही अडायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो तिचा 'डोनलभाऊ' झाला.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काहून रे, याचा हात थरथरून राहिला न? औषध नाही काय घेत?"

"घेतो. मुग्धा म्हणते, फार फरक नाही पडणार."

"मग हे बंदुकीचं काहून करून राहिला तो?"

याचं उत्तर आठवड्याभरात मिळालं, ऊना येऊन गेल्यावर. ऊना म्हणजे क्लबची रेंज सांभाळणारी बाई. पेशानं गुरांची डॉक्टर, त्यामुळे बोलणं सरळसोट. ती संध्याकाळी आली, बूट दाराबाहेर काढले, चहा नको म्हणाली. डोनलचा परवाना नव्याने घ्यायची वेळ आली होती आणि गार्डा, म्हणजे इथले पोलीस, तिला विचारणार होते. ती म्हणाली, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी ये. पाच बार काढ. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. हात भरवशाचा दिसला तर तसं सांगेन. नाही दिसला तर तेही सांगेन, डोनल."

"रास्त आहे," तो म्हणाला.

ती गेल्यावर तो बराच वेळ टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या काढत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे गेलं तर रविवारी उठायचं कशाला?" घरी येताना आईनं विचारलं काय झालं, तर मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं शाल आवळली. बाबा गेल्यावर सकाळी लवकर उठणं तिनंही सोडलं होतं, हे मला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "बाप्पा!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात रिव्हॉल्व्हर बिघडलं. घोडा ओढला तरी सिलिंडर जागचं हलेना. उघडून पाहिलं तर सिलिंडरला एकेक घर पुढे ढकलणारी जी छोटी दांडी असते, तिच्या पाठीची पट्टीसारखी स्प्रिंग मोडली होती. इटलीहून नवीन यायला पाच-सहा आठवडे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. मी फोनवर दुकानं धुंडाळत होतो, तेवढ्यात डोनल हसायला लागला. म्हणाला, "बायको होती तेव्हा मी तिच्या केसांतल्या चपट्या पिना पळवायचो. त्याच पोलादाची स्प्रिंग उत्तम होते. या धंद्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे." आणि त्यानं आईच्या अंबाड्याकडे पाहिलं.

मी आईला सांगितलं. तिनं एक काळी पिन उपसून टेबलावर ठेवली, मग विचार करून आणखी एक ठेवली. पहिली माझ्या हातून मोडली. दुसरी मी कानशीनं घासली, वाकवली, खाचेत बसवली, पुन्हा काढली, पुन्हा घासली. डोनल डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होता. "अजून थोडी. अजून. आता थांब." घोडा ओढला. टक्, टक्, आणि सिलिंडर एक घर पुढे. आईला त्यातलं काही कळलं नसणार, पण आवाज नीट आहे हे कळलं. "अमरावतीची पिन आहे," ती म्हणाली, "अशी-तशी नाही." डोनलनं काय म्हणाली ते विचारलं नाही, मान डोलावली.

आता आई अमरावतीला परत गेलीय. व्हिडिओ कॉलवर इरा तिला आयरिश हेल काढून इंग्रजीत शाळेतल्या गमती सांगते, आई मराठीत हसते. दोघींना एकमेकींचं सगळं समजतं, आणि मी मध्ये भाषांतर करायला गेलो तर दोघीही मला गप्प बसवतात. तेव्हाही असंच होतं. माणसं एकमेकांशी काय बोलतात यापेक्षा एकमेकांच्या हातांकडे किती बघतात, यावर पुष्कळ अवलंबून असतं असं मला वाटायला लागलंय. हात बघूनही घोटाळे होतात, ही गोष्ट वेगळी. एक तर असा झाला, की तो फक्त आमच्याच घरी होऊ जाणे.

चरबीच्या मलमाचं मघाशी म्हटलं, ते डोनल स्वतः करायचा. गोळीवर ते लावलं नाही तर एका घरातली ठिणगी शेजारच्या घरात शिरते आणि दोन बार एकदम उडतात. बाजारातलं खनिज तेलाचं ग्रीस चालत नाही, काळ्या दारूशी गाठ पडली की त्याचं डांबर होतं. म्हणून खाटकाकडून मेंढीची चरबी आणायची, मंद आचेवर कढवून गाळायची आणि तिच्यात मधमाश्यांचं मेण मिसळायचं. हे काम सप्टेंबरातच उरकलेलं, आई यायच्या आधी. थंड झालं की ते पिवळसर, रवाळ दिसतं आणि त्याला मधाचा वास येतो. जामच्या बरण्यांत भरून डोनल त्यांची ओळ लावून ठेवायचा.

इथल्या थंडीनं आईच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. चुलीसमोर तिनं पाय पसरले तेव्हा डोनलला त्या दिसल्या. तो उठला, एक बरणी आणली, तिच्या हातात दिली, तिच्या पायांकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाला. मी तेव्हा ओव्हनमध्ये डोकं घालून सिलिंडर वाळलं का ते बघत होतो. आईनं बरणी उघडली, वास घेतला, डोळे भरून आले. तिनं आदल्याच दिवशी त्याला रव्याचे लाडू दिले होते. दिल्याघेतल्याचा रिवाज तिच्या हाडीमाशी मुरलेला. भाऊनं तूप दिलं, असं तिनं धरलं. पायांकडे बोट दाखवलं ते तिला नमस्कारासारखं वाटलं.

घट बसले. आमच्याकडे नवरात्रात अखंड दिवा असतो, नऊ दिवस विझू द्यायचा नाही. आईनं तो बैठकीच्या खोलीत समईत लावला. धुराची घंटा कोकलू नये म्हणून लांबच्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी दिव्यापुढे बसून ती म्हणाली, "या वर्षी डोनलभाऊसाठी ठेवते. त्या रविवारी हात थरथरू नको देऊ म्हणते देवीला." मी म्हटलं, बरं. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, चला, मी स्प्रिंग बघतोय, कुणीतरी बाकीचं बघतंय.

तूप आणायचं मी विसरलो होतो, मुग्धाही विसरली. आईनं एकदा आठवण केली, पुन्हा केली नाही. मला वाटलं भागलं असेल.

सातव्या माळेला मी टॉवेल काढायला हॉट प्रेस उघडला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे घरोघरी असतं आणि ऑक्टोबरात तेवढीच एक जागा कोरडी असते. टॉवेलांमध्ये, आतलं पातळ राहावं म्हणून, डोनलची बरणी. जवळजवळ रिकामी. आत चमचा.

"आज्जीज् घी," इरा मागून म्हणाली. "शी कीप्स इट वॉर्म. इट्स ग्रँड."

मी बरणी हातात धरून तिथेच बसलो. आमच्या घरात अंडं शिजत नाही. आई विमानात सुद्धा डब्यातल्या दशम्या खाते. आणि सात दिवस देवीपुढे मेंढीची चरबी जळत होती. शाळेत सत्तावन्न सालची काडतुसं शिकलो होतो. चरबीवरून एवढा मोठा उठाव झाला, हे तेव्हा खरं वाटत नसे. त्या दिवशी टॉवेलांच्या ढिगाऱ्यासमोर ते चांगलंच पटलं. गप्प बसावं असाही विचार आला. पण बरणी संपत आली होती, आणि ती दुसरी मागायला डोनलकडेच गेली असती.

मी तिला सांगितलं. सरळ, एका दमात.

ती उठली. मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. चेहरा उतरला होता. मग म्हणाली, "त्यानं सांगितलं नाही काहून?"

"सांगितलं असेल गं. इंग्रजीत."

ती दिव्यासमोर बसली. रात्री जेवली नाही. मुग्धा म्हणाली, आई, तुम्हाला माहीत नव्हतं, दोष लागत नाही. आईनं तिच्याकडे असं पाहिलं की मुग्धा भांडी आवरायला गेली. मी जाऊन तूप आणलं आणि डबा तिच्याजवळ ठेवला. मग तिनं मला विचारलं, "ते मलम त्यानं स्वतः केलं न? त्याच हातानं?"

"हो."

"थरथरत्या?"

"हो, आई. मी फक्त गाळलं."

"दिवा तर विझला नाही एकदाही," ती म्हणाली. स्वतःशीच. मग उठली, डोक्यावरून न्हाली, आणि माझ्या डब्यातलं तूप समईत घालायच्या आधी बरणीत उरलेलं होतं ते बोटानं निपटून वातीवर सोडलं. "हे काम त्याचं आहे," ती म्हणाली, "त्याचं त्याला लागू दे." ही बाई बाबांनी हॉटेलात अंडं घातलेलं सूप प्यायलं म्हणून दोन दिवस अबोला धरणारी. मला तिच्याबद्दल खूप प्रेम वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

दसरा झाला, तो रविवारही आला. रेंज म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण, तीन बाजूंना मातीचे बांध. पाऊस नव्हता, पण हवा पिळून काढावी अशी. आई कोटावर शाल, कानांना लोकरी पट्टी आणि त्यावर आवाज रोखणारे मोठे लाल डबे, अशा थाटात मागच्या दोरीपाशी उभी होती. डोनलनं टाय लावला होता.

भरायलाच त्याला खूप वेळ लागला. दारूचे दाणे मापातून टेबलावर सांडत होते. ऊनानं घाई केली नाही. एकेक गोळी दाबायची दांडी तो दोन्ही हातांनी ओढत होता. मग मलम, मग टोप्या. एक टोपी तीनदा चिखलात पडली. मी पुढे व्हायला लागलो तर त्यानं मान हलवली, आणि मी मागे झालो. लहानपणी दिवाळीत टिकल्या फोडायला आई मला लांब उभं करायची. इथे मी तिच्याच शेजारी तसाच उभा होतो.

पहिला बार झाला. पांढऱ्या धुराचा मोठा लोट, मग तो गंधकाचा वास. गोळी कागदाच्या पार खालच्या कोपऱ्यात. दुसरा बार, जरा वर. सिलिंडर बिनचूक फिरत होतं. तिसऱ्याला त्यानं अंगठ्यानं घोडा ओढला आणि अर्ध्यावर अंगठा घसरला.

दुसऱ्या हातानं त्यानं घोडा पकडला. नळी बांधाकडेच होती, एक इंचही इकडेतिकडे नाही. पण घसरला तो घसरला. सगळ्यांनी पाहिलं. ऊना त्याच्या खांद्याशी होती, तिनं हात लावला नाही. डोनल तसाच उभा राहिला, माझ्या अंदाजानं तो मोजत होता, उरलेले तीन आणि उरलेलं काय काय.

मग त्यानं घोडा दोन्ही हातांनी अलगद खाली आणला. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, नळी बांधाकडे करून, जसं मला शिकवलं होतं तसं. दोन पावलं मागे आला.

"राहिलेले तू काढ, ऊना," तो म्हणाला. "आणि गार्डांना सांग, मी ते देऊन टाकतोय. तू सांगायच्या आधी मीच सांगतोय, एवढं लक्षात ठेव."

ऊनानं तीन बार काढले. पिन एकदाही अडली नाही. धूर ओल्या हवेत बराच वेळ जमिनीलगत रेंगाळला.

आई दोरीखालून वाकून आत आली. कानांवरचे डबे काढून तिनं माझ्याकडे दिले आणि डोनलसमोर उभी राहिली. मला वाटलं, ती आता देवीवर चिडणार, नाहीतर त्या बरणीचं काढणार.

"भाऊ," ती म्हणाली, "उचलताना थरथरला तुमचा हात. ठेवताना नाही थरथरला. मी पाहून राहिली होती."

डोनलनं माझ्याकडे पाहिलं. एरवी तो कधी विचारत नसे. या वेळी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं.

त्यानं आपला उजवा हात समोर धरून पाहिला, आणि मग तो म्हातारा मास्तर टाय लावलेल्या अवस्थेत, सगळ्यांदेखत रडला. मी काहीतरी बोलायला लागलो, तर आईनं मला दंडाला धरून मागे ओढलं आणि त्याला रडू दिलं.